नुसता दोन

गोष्ट संपली आणि कुणी हसलं नाही.

सीताराम नाईकधुरेने ओठांपाशी नेलेली बशी तशीच धरून ठेवली. हसू कधी कधी उशिरा येतं. मागच्या बाकावर एखादा खोकल्यासारखा सुरू होतो, मग ते बाकाबाकावरून पुढे सरकतं आणि शेवटी गल्ल्यावरचा मालक पोट धरून खाली वाकतो. लालबागच्या नाक्यावरच्या या हॉटेलातलं हसू त्याला बायकोच्या चालीसारखं ओळखीचं होतं. आणि आजची गोष्ट काही कच्ची नव्हती, चांगली मुरलेली होती. मिलच्या भोंग्यात घुबड अडकतं, भोंगा वाजायच्या ऐवजी घुमतो, पहिल्या पाळीची माणसं कुणीतरी मोठा मेला असं समजून टोप्या काढून रस्त्यात उभी राहतात, आणि मॅनेजरसाहेबही गाडीतून उतरून हॅट छातीशी धरतो. हॅटपाशी लोक नेहमी फुटायचे. आज हॅट आली आणि गेली. पंखा तेवढा कुरकुरला. चहा बशीत गार व्हायला लागला, त्याच्यावर पातळ साय धरली, ती त्याच्या श्वासाने सुरकुतली. हसा की मेल्यांनो, तो मनात म्हणाला. मागच्या बाकावरून कुणीतरी, चेहरा न दाखवता, अगदी शांतपणे विचारलं, "सीताराम, हत्ती खय बांधलंस?"

त्यावरही कुणी हसलं नाही, आणि तेव्हा त्याला कळलं की हे आता तसं राहिलेलं नाही.

हत्ती त्याचाच होता, परवाचा. राज्यसभेवर माणूस पाठवायचा तर मत आमदारांनी द्यायचं असतं, नाक्यावरच्या माणसाला त्यात बोट घालायला मिळत नाही, हे लालबागचा आमदार म्हणून त्याने परवा संध्याकाळी याच बाकावर बसून समजावून सांगितलं होतं. "तुमची सगळ्यांची बोटं कापून माझ्या हातात दिलीयत," तो म्हणाला होता, "आणि देवाची करणी बघा, माझंच एक अर्धं आहे." उजव्या हाताची तर्जनी पेरापासून मागात गेली होती, ती त्याने वर करून दाखवली. लोक हसले. लोक हसले की सीताराम थांबत नसे. ते त्याच्या हातात नव्हतं. मग त्याने सांगितलं की सरकार पक्षाने त्याच्या मतासाठी आदल्या दिवशी हत्ती पाठवला होता. सोंडेत हार, पाठीवर झूल, झुलीवर जरीने लिहिलेलं, सीतारामभाऊंना सप्रेम भेट. हत्तीचा पाय ट्रामच्या रुळात अडकला, परळपर्यंत ट्रामा खोळंबल्या. सीताराम माहुताला म्हणाला, बाबा, खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही पाच माणसं आणि मेव्हणा, हत्तीने पाय पसरायचे कुठे? म्हणून माहुताला आणि हत्तीला एकेक सोडा पाजून त्याने परत पाठवलं. हत्तीने ढेकर दिला, त्याने समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली लुगडी उडाली. त्या संध्याकाळी मालकाने चहा फुकट दिला होता.

काल मतदान झालं, काल संध्याकाळीच मोजणी झाली, आणि त्याच्या संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार पडला. एका मताने. एक मतपत्रिका बाद झाली होती. आज सकाळच्या वर्तमानपत्रात चौकटीत आलं होतं: त्या कागदावर कुठेही एक नव्हता. समितीच्या उमेदवारासमोर दोन होता. नुसता दोन. या निवडणुकीत फुली मारत नाहीत, पसंतीचे आकडे घालतात. पहिल्या पसंतीला एक, मग हवे तर दोन, तीन. एक नसला तर बाकीच्या आकड्यांना कुणी विचारत नाही. आणि उभ्या जन्मात सीतारामची एकही गोष्ट ज्याने खरी मानली नव्हती, त्या लालबागने रात्रीतून हत्ती खरा मानला. हत्तीतली सोंड काढली, झूल काढली, सोडा काढला, आणि जे उरलं त्याच्याकडे बघत बसले. कुणीतरी आलं होतं. काहीतरी आणलं होतं. याने नाही म्हटलं, असं हाच सांगतो.

तो उठला. मालकाने कप उचलला, आणि उचलताना बोटं आत घातली नाहीत, कडेला धरला, लांबून.

चाळीच्या नळावर शेवंतीची कळशी रांगेतून काढून भिंतीला लावून ठेवलेली होती. शेवंती तिथेच उभी होती, पदर खांद्यावरून घेतलेला, कुणाशी भांडत नव्हती. त्याची बायको भांडत नाही म्हणजे काय, हे पाहून त्याला नळापेक्षा तिचाच राग आला. वर आल्यावर ती म्हणाली, "एकदा माझ्याकडे बघून सांगा. दिलंत ना?" तो म्हणाला, "गुप्त असतं ते. कायदा आहे." ती म्हणाली, "माझ्यापासून कसला आलाय कायदा?" आणि चुलीपाशी गेली. तिच्या पाठीकडे बघत त्याला वाटलं, आत्ता सांगावं. जीभ उचललीसुद्धा. पण जिभेवर जे आलं ते घुबड होतं, हत्ती होता, नाहीतर ते जुनं मांजर, जे मागात सापडून धोतराच्या काठात विणलं गेलं आणि गिऱ्हाइकाने नेसल्यावर म्यांव करायला लागलं. खरं जे होतं ते जिभेवर येतच नव्हतं. ते हातात होतं.

हातात होतं ते असं. आठवड्यापूर्वी दादरला समितीच्या आमदारांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं. उमेदवार होते प्रोफेसर माधवराव टिपणीस, अंगाने भरलेले, चष्म्याला सोनेरी काडी, संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेले, आणि तिथून वजन वाढवून आलेले एकमेव गृहस्थ, असं सीताराम म्हणायचा. हे मात्र खरं होतं. फळ्यावर नमुन्याची मतपत्रिका काढली होती. "चूक व्हायला नको," माधवराव म्हणाले, "आपल्यातली काही माणसं भोळी आहेत, त्यांना दोष नाही." त्यांची नजर फिरत फिरत मागच्या रांगेत आली. सीताराम शेजारच्याला कानात काहीतरी सांगून हसवत होता. "सीतारामजी, या. या पुढे. लाजू नका." तो गेला. त्यांनी त्याच्या हातात खडू दिला आणि, तो काही म्हणायच्या आत, त्याचा हात आपल्या हातात घेतला. कोरडा, मऊ, उबदार हात. वाळ्याच्या अत्तराचा वास. त्याच्या चारही बोटांवरून त्यांची बोटं आली, पण अर्ध्या बोटापाशी आल्यावर त्यांचं बोट जरासं उचललं गेलं, जसं आपण ओल्या जागेवरून पाय उचलतो. "आधी वाटोळं," ते त्याच्या कानापाशी म्हणाले, "अस्सं. आता शेपटी खाली. वा! जमलं की." फळ्यावर एक उभा राहिला. सीताराम मराठी चौथी पास होता. नाक्यावर गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्र तोच मोठ्याने वाचायचा, परदेशच्या बातम्यांसकट. आपल्या गावी, मळगावच्या शाळेत, धूळपाटीवर त्याने एक काढला होता तेव्हा माधवराव बहुधा पाळण्यात होते. तेवढं म्हणता आलं असतं. साधं म्हणायचं, येतो मला. पण समोर माणसं बसली होती, आणि माणसं समोर बसली की सीतारामचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मास्तर, शेपटी माकडाची काढू की बैलाची?" हॉल फुटला. माधवराव सगळ्यात जास्त हसले, आणि हसताना त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

ते हसू त्याने स्वतः पिकवलं होतं, हे त्याला सगळ्यात लागलं. दुसऱ्याने थोबाडीत मारली तर माणूस उलट मारतो. हा आपला आपणच गाल पुढे करून वर ढोलकी वाजवत होता. त्या दिवसापासून हाताला वाळ्याचा वास येत होता. साबणाने जाईना, मिठाने जाईना. जेवताना घास तोंडाशी नेला की वास. त्याने शेवंतीला हात हुंगायला दिला, ती म्हणाली, "तंबाखूचा येतोय, नेहमीचा."

आणि मग काल, कौन्सिल हॉलात, आडोशाच्या आत, तो एकटा उभा होता. बाहेर समितीची माणसं, पलीकडे सरकार पक्षाची, मध्ये हिरवं कापड, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल चोरीला जाऊ नये म्हणून आमदारांनासुद्धा दोरी, हे नाक्यावर सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. कागदावर नावं होती. माधवरावांचं नाव त्याने वाचलं, स्वतःच्या मनातल्या आवाजात, कुणी न सांगता. पेन्सिल टेकवली. रेघ ओढणार तोच हातावर हात आला. खरोखर आला. कोरडा, मऊ, अर्ध्या बोटापाशी उचललेला. आधी वाटोळं. सीताराम थांबला. त्या आडोशात इतकी शांतता होती की बाहेरच्या समुद्राचा वारा कापडात शिरताना ऐकू येत होता. गावचा सोबती धोंडू आठवला. धोंडू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात लालबागच्या रस्त्यावर पडला, सीतारामच्या पुढे दोन हात, आणि पडताना त्याने मागे वळून पाहिलं होतं, सीतारामने काहीतरी गंमत केली असं वाटून. धोंडू मेला तो कशासाठी, हे काय सीतारामला कुणी शिकवायला हवं होतं? धोंड्या, तो म्हणाला, तुझ्या एकावर यांनी हात ठेवलाय. धोंडू काही बोलला नाही. मेलेली माणसं अशा वेळी अंग काढून घेतात. हात काही उठेना. तो हात जोवर वर आहे तोवर जो एक निघेल तो माझा नाही, हे सीतारामला लख्ख दिसलं. शिकवला होता तो एक. दोन कुणी शिकवला नव्हता. दोनावर कुणाचा हात नव्हता. त्याने सावकाश, धूळपाटीवर काढायचा तसा, पोट भरून, शेवटाला झोकदार वळण देऊन, माधवरावांच्या नावासमोर दोन काढला. जन्मात इतका देखणा आकडा त्याने काढला नव्हता. मग एक कुठे घालायचा म्हणून त्याने इतर नावं पाहिली. त्यांच्यातला एकही त्याच्या एकाच्या लायकीचा नव्हता. त्याने कागद दुमडला. बाहेर आला तेव्हा हाताला कसलाच वास येत नव्हता.

एका मताने पडतील हे त्याला माहीत नव्हतं. असं तो स्वतःला सांगत होता. पण पडले हे कळल्यावर छातीत जे झालं होतं ते दुःख नव्हतं, हेही त्याला माहीत होतं.

दुपारी कुशाबा आला. कुशाबा गावचा गुरव. इथे मिलमध्ये सूतखात्यात, आणि सुट्टीच्या दिवशी देवाचा. धोंडूचा थोरला भाऊ. दारातच उभा राहिला. "सांजच्याक खोलयेत ये," म्हणाला. "कौल लावचो आसा." गावकीची खोली खालच्या मजल्यावर होती, मळगावची एकटी राहणारी माणसं तिथे पाळीपाळीने झोपायची, आणि कोपऱ्यात गावच्या रवळनाथाच्या देवळातून आणलेला काळा दगड होता. गावात कुणाचं जनावर हरवलं, कुणाची जमीन कुणी खाल्ली, तर देवाला विचारायचं. दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी गळली तर माणूस खरा. डावी गळली तर खोटा.

"आणि डावा इलो तर?" सीतारामने विचारलं.

"तर पानसुपारी बंद."

"वाळीत टाकायला बंदी आहे, कुशाबा. कायदा आहे."

"वाळीत कोण टाकता? आमी फक्त येवचे नाय." कुशाबाने शेवंतीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "म्हातारी अंथरुणाक खिळली म्हणतत गावाक. खांदो चार माणसांचो लागता." एवढं बोलून तो जिना उतरला, प्रत्येक पायरीवर थांबत, कारण त्याला दमा होता.

आईला चार माणसं. सीताराम खाटेवर बसून राहिला. त्याने डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला: मळगावची पाणंद, तिरडी, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मेव्हणा, आणि उरलेली दोन टोकं जमिनीला टेकलेली. अशा चित्राची गोष्ट करता आली असती. तिरडी एका बाजूला कलते, म्हातारी उठून बसते आणि म्हणते, मेल्यांनो, मी चालत जातंय. नाक्यावर हसले असते. कालपर्यंत.

संध्याकाळी खोलीत माणसं दाटीने बसली होती. भिंतीवर धोंडूचा फोटो, त्याला वाळलेला हार. समितीचं काम करणारा वसंत, गावचाच, इथे रेल्वेत कारकून, उभ्या उभ्या हात चोळत होता. "भाऊ, आताच सांगा," तो म्हणाला, "देवापर्यंत जायला नको. किती दिवस तुमच्या सभांना सतरंज्या अंथरल्यात मी." सीताराम म्हणाला, "देवाला विचारायचं ठरलंय ना? मग माणसाने मध्ये तोंड घालू नये." कुणीतरी थुंकलं, दाराबाहेर, पण नीट ऐकू येईल असं.

कुशाबाने अंगरखा काढला, दगड धुतला, गाऱ्हाणं घातलं. "होय म्हाराजा," लोक म्हणाले. आवाज जड होता, त्यात शिव्या कालवलेल्या होत्या. जास्वंदीच्या दोन पाकळ्या वाटीतल्या पाण्यात पडल्या होत्या. सीतारामचं बालपण देवळाच्या पायरीवर गेलं होतं. पाकळी कशी धरते आणि कशी सुटते हे त्याला जात्याच ठाऊक होतं. पाणी कमी तर लवकर गळते. अंगठा दाबला तर चिकटून बसते, दुपारपर्यंत बसते. तो कुशाबाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, डावी नुसती टेकवेल. धोंडूचा भाऊ आहे. टेकवू दे. कुशाबाने डावी घेतली, निथळती, दगडावर ठेवली, आणि अंगठ्याने दाबली. मग पुन्हा दाबली. उजवी घेतली, धोतराच्या सोग्याला हलकेच टिपली, आणि दगडाला नुसती दाखवल्यासारखी लावली.

सीतारामने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कुशाबा वर बघत नव्हता.

खोलीत कुणी हालेना. समईची वात वाकडी झाली. उजव्या पाकळीची कड सुटली, उलटली, आणि ती दगडावरून घसरत खाली आली, इतक्या सावकाश की तिला जायचं नव्हतं असं वाटावं.

"उजवो!" कुणीतरी ओरडलं. "उजवो कौल! देवान दिल्यान!" आणि खोलीतली हवा एकदम बदलली. माणसं उठली, एकमेकांवर पडली, सीतारामच्या पाठीवर थापा बसल्या, जोरात, जरा जास्तच जोरात. सकाळी चेहरा न दाखवता बोललेल्याचा चेहरा आता दिसला. तो रडत होता. "भाऊ, चुकलो, भाऊ," तो म्हणत होता. दारात शेवंती आली होती, पदराने तोंड पुसत. चार माणसं कशाला, चाळीस मिळाली असती त्या घटकेला. सीताराम दगडाकडे बघत होता. त्याच्या आत काहीतरी निवत होतं, आणि निवतंय म्हणून त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून लाज. घ्यावं, असं त्याने ठरवलं. घ्यावं आणि गप्प बसावं. आई आहे.

तेव्हा वसंत हसत म्हणाला, "माधवराव म्हणतच होते. काल मला म्हणाले, वसंता, कुणी फितूर वगैरे नाही हो, कुणीतरी बिचारा गोंधळला असेल. शिकवलं होतं, पण आपल्या काही लोकांना एकसुद्धा धड काढता येत नाही, त्याला ते तरी काय करतील!"

हाताला वास आला. वाळ्याचा. त्या गर्दीत, घामात, उदबत्तीत, स्वच्छ.

"तो दोन माझा आहे," सीताराम म्हणाला.

आवाज कमी पडला. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "तो दोन मी काढलाय. मुद्दाम. मला एक येतो. मला एक येतो म्हणून मी दोन काढला."

सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. त्याने अर्धं बोट वर केलं आणि हवेत, सगळ्यांना दिसेल असा, तो दोन पुन्हा काढला. पोट भरून, शेवटाला झोकदार वळण देऊन. "हे असं. हत्ती नव्हता, कुणी आलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. मला त्या माणसाला एक द्यायचा नव्हता."

मागच्या कोपऱ्यात कुणीतरी खोकल्यासारखं सुरू झालं. मग ते पुढे सरकलं. वसंतने डोक्याला हात लावला, "आयला, भाऊ! देवाच्या खोलीत तरी थापा मारू नका!" आणि तो मटकन खाली बसला. पाठोपाठ सगळी खोली फुटली. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी आपटून हसली, फोटोतल्या धोंडूखाली हसली, रडणारा रडत रडत हसला. "मला एक येतो म्हणून दोन काढला!" "परत सांगा, भाऊ, परत सांगा, त्या बोटासकट!" सीताराम ओरडत होता, "खरं आहे! आईशप्पथ खरं आहे!" आणि प्रत्येक शपथेला हसू एक पायरी वर चढत होतं. दारातली शेवंती तेवढी हसत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने पदर डोक्यावरून घेतला आणि वळून निघून गेली.

कुशाबा दगड पुसत होता. डावी पाकळी अजून चिकटलेली होती. ती त्याने नखाने खरवडून काढली, वाटीत टाकली, आणि त्या गदारोळात, मान वर न करता, फक्त सीतारामला ऐकू येईल असं बोलला.

"गप ऱ्हव. गावाक व्हाळार साकव होयो आसा, आमदार आमका दुसरो नाय." त्याला धाप लागली, तो थांबला. "आणि देवान कौल दिल्यान. आता खरा सांगान देवाक खोटो पाडू नको."

सीतारामने त्याच्याकडे पाहिलं. धोंडूचेच डोळे होते, फक्त ते मागे वळून बघत नव्हते.

"भाऊ, हत्ती!" लोक ओरडत होते. "हत्ती होऊन जाऊ दे!" कुणीतरी त्याच्या हातात चहाची बशी दिली, कुणीतरी बसायला पाट सरकवला. बशी गरम होती. त्याने ती वाळ्याचा वास येणाऱ्या हातात धरली, खाली बसला, एक घोट घेतला, आणि समोर दाटीने बसलेल्या, आधीच हसायला लागलेल्या त्या तोंडांकडे बघत, एकेकाला मनात मोजून शिवी घालत, म्हणाला, "तर त्याचा पाय अडकला ट्रामच्या रुळात."